ते रगत जातं कुठं?

दसरा आठवड्यावर आला होता. बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्राच्या व्हरांड्यात बायकांची रांग होती आणि रस्त्यापलीकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, पाचटाच्या झोपडीचे बांबू, पाण्याचे कॅन असं एकेक चढत होतं. रांगेतल्या एकीच्या हातात 'अंतरा'चं, म्हणजे सरकारी गर्भनिरोधक इंजेक्शनचं कार्ड होतं. वय असेल अठ्ठावीस-तीस, दोन लेकरं, ऑपरेशन केलेलं नाही. जुलैच्या ४ तारखेला तिनं पहिलं इंजेक्शन घेतलं होतं. पहिल्या महिन्यात अठरा दिवस थोडं थोडं अंगावरून गेलं, पुढचे दोन महिने डागसुद्धा नाही. दुसऱ्या सुईची तारीख आली होती. सिस्टरनं दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला तेव्हा तिनं हळूच विचारलं, "सिस्टर, पाळी आलीच नाही तर ते रगत जातं कुठं? आतच साठत असंल ना?" सिस्टर मागची रांग बघत म्हणाली, "काही होत नाही गं, बऱ्याच जणींचं असंच होतं." बाईनं मान हलवली, पट्टा सुटल्यावर पदर सारखा केला, कार्ड पिशवीत घातलं आणि सुई न घेताच पायऱ्या उतरून गेली.

सिस्टरनं सांगितलं त्यात खोटं काहीच नव्हतं. पण ते त्या प्रश्नाचं उत्तरही नव्हतं.

उत्तर अगदी सोपं आहे. गर्भपिशवीच्या आतल्या बाजूला दर महिन्याला एक अस्तर चढतं, भिंतीला लिंपण द्यावं तसं. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन ते लिंपण जाड करतं, पुढे बीज बाहेर पडतं, गर्भ राहिला नाही की ते लिंपण सुटतं आणि रक्ताबरोबर बाहेर येतं. अंतरा इंजेक्शनमध्ये मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक असतं, डॉक्टर त्याला डीएमपीए म्हणतात. एका वायलमध्ये १ मिलीलिटर, त्यात १५० मिलिग्रॅम. ते दंडाच्या नाहीतर कुल्ल्याच्या स्नायूत खोल दिलं की तिथून तीन महिने झिरपत राहतं. त्यामुळे बीज बाहेर पडत नाही आणि लिंपणाचा थर चढतच नाही. भिंत पातळ राहते. जो थर चढलाच नाही तो सुटणार कसा, आणि साठणार तरी कशाचा? एरवीच्या अख्ख्या पाळीत जाणारं रक्तही बहुतेकींच्या समजापेक्षा बरंच कमी असतं. चार-पाच दिवसांचं मिळून साधारण ३० ते ४० मिलीलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. ८० च्या वर गेलं की वैद्यकशास्त्र त्याला जास्त रक्तस्राव म्हणतं. पातेलंभर रक्त आत तुंबलंय हे चित्र मनातून जायचं असेल तर हा आकडा ऐकायला हवा.

पण तो प्रश्न फक्त शरीराबद्दलचा नव्हता. आपल्याकडे पाळीच्या रक्ताला घाण रक्त म्हणतात. ते दर महिन्याला बाहेर पडलं की अंग हलकं होतं, अडलं की डोक्यात चढतं, डोळ्यांवर येतं, पोट सुटतं, असं आई-आजीकडून ऐकत मुली वाढतात. बाहेरची झाली म्हणून चार दिवस वेगळं बसवायचं आणि बाहेरची झाली नाही म्हणून काळजीत पडायचं, या दोन्ही गोष्टी एकाच घरात चालतात. पाळी चुकली याचा घरातला अर्थही एकच, दिवस राहिले. त्यामुळे इंजेक्शनवर असलेल्या बाईची पाळी थांबली की सासूची नजर बदलते, नवरा विचारतो, आणि तिच्या स्वतःच्या पोटातही गोळा येतो. अशा वेळी लघवीची साधी किट-तपासणी करून एकच रेघ उमटलेली, म्हणजे दिवस नसल्याचं दाखवणारी किट तिला दाखवावी, तिच्या हातात द्यावी. तोंडी दिलाशापेक्षा त्या रेघेवर तिचा भरवसा लवकर बसतो, आणि तसा बसावा हे बरोबरच आहे.

याच्या उलट दुसरी गर्दी दिसते ती श्रावण-भाद्रपदात, मेडिकलच्या काउंटरवर. गौरी-गणपती, सत्यनारायण आला की पाळी पुढे ढकलायची गोळी मागायला बायका येतात. नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम, पाळीच्या तीन दिवस आधीपासून दिवसाला तीन. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. त्या गोळीबद्दल 'रक्त कुठं गेलं' असं कुणी विचारत नाही, कारण ते परत येणार हे ठाऊक असतं. देवासाठी आठवडाभर थांबवलेलं रक्त चालतं, आणि स्वतःच्या कंबरेला, अंगातल्या रक्ताला आराम मिळावा म्हणून थांबवलेलं रक्त मात्र भीतीचं होतं. यात बायकांना दोष द्यावा असं मला कधीच वाटलेलं नाही. पहिल्या थांबण्याला घरची परवानगी असते, दुसऱ्याची जबाबदारी तिच्या एकटीवर येते.

पाळी कमी व्हावी म्हणून जी बाई या इंजेक्शनकडे आशेनं बघते, तिच्यापासून एक गोष्ट हमखास लपून राहते. रक्त कमी होण्याआधी ते बहुतेक वेळा बेशिस्त होतं. पहिल्या तीन महिन्यांत कधीही डाग दिसतो, कधी दहा-पंधरा दिवस थोडं थोडं जात राहतं, मध्येच एखादा आठवडा कोरडा. थर पातळ झालेला असतो पण अजून स्थिरावलेला नसतो, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि इथून तिथून पाझरतात. दुसऱ्या-तिसऱ्या सुईनंतर हे निवळत जातं. या औषधाच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकात आकडे दिलेले आहेत. वर्ष पूर्ण होताना ५५ टक्के बायकांची पाळी पूर्ण थांबलेली होती, दोन वर्षांनी ६८ टक्के. म्हणजे वर्षानंतरही शंभरातल्या पंचेचाळीस जणींना काही ना काही रक्त जातच होतं, हेही त्याच आकड्यात आहे. 'सुई घे, पाळी बंद होईल' असं सांगणारी आशाताई अर्धंच सांगते. आणि बायका सुई सोडतात त्या नेमक्या त्या न सांगितलेल्या अर्ध्यात, पहिल्या आणि दुसऱ्या सुईच्या मध्ये.

डागांनी जीव मेटाकुटीला आला तर उपाय आहेत. डॉक्टर मेफेनॅमिक अॅसिडची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणानंतर, पाच दिवस देतात. कधी तीन आठवडे गर्भनिरोधक गोळ्या जोडीला देतात. मात्र नेहमीच्या पाळीच्या दुप्पट जात असेल किंवा सलग आठ दिवसांहून जास्त जोरात जात असेल तर 'इंजेक्शनमुळे होतंय' म्हणून सोडून देऊ नये. तपासावं. जंतुसंसर्ग, गाठ, मध्येच राहिलेला गर्भ, यातलं काहीही त्यामागे असू शकतं.

सुई देण्याच्या कामातही चुकण्याच्या जागा आहेत. हे औषध पाण्यासारखं नसतं, ते पांढरं गढूळ मिश्रण असतं आणि वायल उभी राहिली की त्यातले कण तळाशी बसतात. न हलवता सुईत ओढलं तर वरचं पातळ येतं आणि औषध बाटलीच्या बुडाला राहतं. मग असर लवकर उतरू शकतो आणि 'सुई घेऊनही दिवस गेले' अशी बातमी गावभर होते. वायल गार असेल तर तळहातात धरून आधी अंगाच्या उबेवर आणायची, मग नीट हलवायची. सुई दिल्यावर ती जागा चोळायची नाही, गरम शेकायची नाही. चोळलं की औषध स्नायूतून भराभर पसरतं आणि तीन महिने पुरायचं ते लवकर संपतं. आपल्याकडे सुई टोचली की चोळायची सवय इतकी अंगवळणी पडलीय की बाई दारातून बाहेर पडेपर्यंत दंड चोळत जाते. ते तिला सांगायलाच लागतं, आणि सोबत आलेल्या नणंदेलाही. पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत पहिली सुई घेतली तर वेगळं काही लागत नाही. त्यानंतर घेतली तर गर्भ नाही याची खात्री करायची आणि पुढचे सात दिवस निरोध वापरायचा. अंगावर पाजणाऱ्या बाईला बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी देता येते. पुढची तारीख तीन महिन्यांनी. दोन आठवडे आधी चालतं, चार आठवडे उशीर चालतो.

या चार आठवड्यांच्या सवलतीवर ऊसतोडीच्या बाईचं सगळं गणित उभं आहे.

दसऱ्याच्या आसपास टोळ्या निघतात, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटकातले कारखाने. परत येणं गुढीपाडव्याच्या आसपास. मध्ये पाच-सहा महिने उसाच्या फडात. पहाटे चारला उठून स्वयंपाक, मग कोयता, मोळी बांधणं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं. कोपीला, म्हणजे तिथल्या पाचटाच्या झोपडीला संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचं, कपडा धुवायचा तर कुठे आणि वाळवायचा तर कुठे. उन्हात वाळवला तर सगळ्यांना दिसतो, आडोशाला लपवला तर ओला राहतो आणि मांड्या सोलवटतात. एक दिवस काम बुडालं की खाडा धरला जातो, उचलीतून, म्हणजे आधीच घेतलेल्या पैशांतून कापला जातो, आणि कोयता जोडीचा असल्यानं तिचा खाडा नवऱ्याच्याही अंगावर बसतो. अशा कामात पाळी म्हणजे दर महिन्याची धास्ती. तिथली बाई दसऱ्याच्या तोंडावर पहिल्यांदाच सुई घेऊन निघते ते या धास्तीपोटीच, आणि नेमके बेशिस्त डागांचे तीन महिने तिला फडात काढावे लागतात. जे टाळायला सुई घेतली तेच, दुप्पट दिवस. परत आल्यावर ती दहा जणींना सांगते की सुई वाईट. तिचं सांगणं खरंच असतं. चुकलेली असते ती वेळ.

म्हणून सुरुवात करायची तर पाडव्याला करावी. टोळी परत आलेली असते, बाई घरी असते, उपकेंद्र चालत जाण्याच्या अंतरावर असतं. डाग पडायचे ते चैत्र-वैशाखात पडतील, घरात न्हाणी आहे, पाणी आहे, विचारायला सिस्टर आहे. दुसरी सुई आषाढात. तिसरी दसऱ्याच्या आधी, ट्रॉली भरण्यापूर्वी. तोपर्यंत सहा महिने झालेले असतात आणि अंगाला औषधाची घडी बसलेली असते. चौथी मात्र फडात येते. समजा तिसरी ५ ऑक्टोबरला घेतली तर चौथीची तारीख ५ जानेवारी, आणि मुदत २२ डिसेंबरपासून २ फेब्रुवारीपर्यंत. सहा आठवड्यांची ही खिडकी कार्डावर ठळक लिहून द्यावी, कारखान्याजवळच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवता येतं हे सांगावं, आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यावं, कारण कोपीत दव पडतं. मलावी, युगांडा, सेनेगल इथल्या बायका याच औषधाचा कातडीखाली घ्यायचा प्रकार, १०४ मिलिग्रॅमचा, शिकून स्वतःच्या हातानं टोचून घेतात. स्थलांतर करणाऱ्या आपल्या बायकांना त्याची गरज कुणाहून कमी नाही.

हे सगळं एवढ्या तपशिलानं लिहायचं कारण, याच जिल्ह्यानं दुसरा मार्ग पाहिलेला आहे. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांची बातमी देशभर गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तिशीतल्या बायका, काही त्याहूनही लहान. अंगावरून जास्त जातं, पोट दुखतं, खाडा पडतो म्हणून दवाखान्यात गेल्या, तिथं कॅन्सरची भीती घातली गेली, कर्ज काढून ऑपरेशन झालं, आणि ते कर्ज फेडायला पुन्हा उचल. ज्यांची अंडाशयंही त्यात गेली त्यांच्या अंगाची आग, सांधे, हाडं यांचं पुढे काय झालं हे त्यांच्या चालीवरून कळतं.

महाराष्ट्रात जवळजवळ निम्म्या विवाहित बायकांचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं असतं, आणि मला सर्वात जास्त खटकतं ते इथे. ऑपरेशन झालं की सरकारी यंत्रणेच्या लेखी तिचं प्रकरण मिटलं. मूल होणार नाही, मग अंतराचं कार्ड कशाला? पण नळ्या बांधल्या म्हणून पाळी थांबत नाही. जास्त जाणारं रक्त जातच राहतं, आणि राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात आधीच रक्त कमी आहे. तिच्यासमोर दोनच दारं दिसतात, सोसायचं किंवा पिशवी काढायची. मधली दारं कुणी उघडून दाखवत नाही. जास्त जाणाऱ्या दिवसांपुरती ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडची गोळी आहे. पिशवीत बसवायची, संप्रेरक सोडणारी तांबी आहे, तिच्यातली ५२ मिलिग्रॅम मात्रा जास्त रक्तस्रावावर पाच वर्षं चालते आणि या कामात इंजेक्शनपेक्षाही सरस ठरते, फक्त ती बाहेर हजारोंत पडते. आणि हे इंजेक्शन आहे, ज्याला सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत. गडचिरोली-नंदुरबारकडच्या सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या बायकांना तर त्याचा आणखी एक उपयोग आहे. डीएमपीएमुळे त्यांच्या वेदनेचे झटके कमी होऊ शकतात असं अभ्यासांत दिसलेलं आहे.

पण कारण न शोधता कुणालाही सुई टोचू नये. का जातंय हे ठाऊक नसलेलं रक्त आधी तपासायचं, सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी. बीपी १६०/१०० किंवा वर असेल, स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, यकृताचा मोठा आजार असेल किंवा हृदयाचा, मेंदूचा झटका येऊन गेला असेल तर हे औषध नाही. वजन वाढतं. अमेरिकेतल्या पाहणीत पहिल्या वर्षात सरासरी अडीच किलो, काहींचं बरंच जास्त, काहींचं अजिबात नाही. डोकं दुखणं, मन उदास राहणं, इच्छा कमी होणं याही तक्रारी येतात आणि त्या 'मनाचे खेळ' नसतात. वापर चालू असेपर्यंत हाडांची घनता थोडी घटते, बंद केल्यावर बरीच भरून येते. अमेरिकेनं २००४ साली याबद्दल ठळक इशारा छापायला लावला. जागतिक आरोग्य संघटना १८ ते ४५ वयात यावर मुदतीचं बंधन घालत नाही. मेंदूच्या आवरणावरच्या, बहुधा कॅन्सर नसलेल्या गाठींशी दीर्घ वापराचा संबंध २०२४ सालच्या एका फ्रेंच अभ्यासात पुढे आला. असा धोका मुळात क्वचित, पण वर्षानुवर्षं घेणारीला तो सांगायलाच हवा. आणि सुई बंद केल्यावर लगेच दिवस राहत नाहीत. शेवटच्या सुईपासून सरासरी दहा महिने लागतात. वर्षभरात मूल हवं असेल तिनं हा मार्ग धरू नये.

गर्भनिरोधक इंजेक्शनांना या देशात विरोध झाला तो उगाच नव्हता. १९८५ साली हैदराबादजवळ पटनचेरूला नेट-एन नावाच्या दुसऱ्या इंजेक्शनच्या चाचणीसाठी बायका जमवल्या गेल्या. आपण प्रयोगाचा भाग आहोत हे त्यांना नीट सांगितलेलं नव्हतं. १९८६ साली महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्या भांडल्या म्हणूनच २०१७ साली अंतरा सरकारी कार्यक्रमात आलं तेव्हा सोबत कार्ड, समुपदेशन, पाठपुरावा हे सगळं कागदावर तरी आलं. सुई फुकट देणं सोपं. सुईसोबत दहा मिनिटं देणं अवघड, आणि ज्या उपकेंद्रात एकच सिस्टर लसीकरण, बाळंतपण, रजिस्टरं आणि ऑनलाइन नोंदी सांभाळते तिथं ही दहा मिनिटं कुठून आणायची, हा प्रश्न तिला एकटीला विचारणं अन्याय आहे. त्या दिवशीही तिच्यासमोर तेवीस बायका होत्या.

तरी वाटत राहतं, भिंतीवरच्या लिंपणाचं एवढं एक वाक्य त्या बाईला मिळायला हवं होतं. तिच्या कार्डावरची तारीख होती ४ ऑक्टोबर. चार आठवडे धरले तर १ नोव्हेंबरपर्यंत ती मुदतीत आहे. अठरा दिवसांचे डाग तिनं सोसून झालेत, पुढचे महिने सोपे जाण्याची शक्यता आता तिच्याच बाजूची आहे. संध्याकाळी ट्रॉली निघाली तेव्हा गावची आशाताई वहीत तिच्या नवऱ्याचा नंबर आणि कारखान्याचं नाव लिहून घेत होती. नवऱ्याचाच, कारण फोन एकच आहे. नंबर लागला तर फोन तिच्या हातात द्यायला सांगायचं, आणि सगळ्यात आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं.